लाइट मंदावले की पेडल शिट्टी मारतं: दुरुस्त करूनही परत येणाऱ्या आवाजाचा माग

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल. एलईडींची रिंग बसवलेल्या पेडलला (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी) गिटार लावली, पेडल चालू केलं, जोरात एक कॉर्ड वाजवला. रिंगमधले एलईडी झगमगले, आवाज भरदार आला, काहीच खोट नाही. मग कॉर्ड विरत जातो, दिवे मंदावत जातात आणि नेमकं तेव्हा मागून एक बारीक ‘ऊंऽऽ’ ऐकू येतं. दिवे पूर्ण विझले की तेही थांबतं. पुढचा कॉर्ड, पुन्हा तेच.

असं होत असेल तर पुढचं सगळं वाचा. हा दोष मी एकाच पेडलमध्ये तीनदा दुरुस्त केला आणि तीनदा तो परत आला. तिन्ही वेळा कारण वेगळं वाटलं, पण मूळ एकच निघालं. ते पहिल्याच वेळी ओळखता आलं असतं तर मावसभावाचे दोन कार्यक्रम खराब झाले नसते.

मी अमळनेरला राहतो. मावसभाऊ धुळ्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. लग्न, हळद, श्रावणात कानबाई (खानदेशातला देवीचा उत्सव) असे कार्यक्रम असतात आणि गाणी बहुतेक अहिराणी. त्याला स्टेजवर पायाजवळ असं ओव्हरड्राइव्ह (आवाज वाढवून खरखरीत करणारं) पेडल हवं होतं की जे वाजवण्याच्या जोरावर उजळेल. मी बनवलं ते असं: ओव्हरड्राइव्हसाठी टीएल०७२ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप), दिव्यांसाठी आठ डब्ल्यूएस२८१२बी एलईडींची रिंग, त्यांना हुकूम द्यायला आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), आणि ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला एलएम२५९६चं तयार मॉड्यूल. सगळं १५९०बी मापाच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत. बहुतेक जण साधारण हाच नकाशा घेतात, म्हणून आकडे याच नकाशावरून देतो.

आधी आवाजाचा स्वर ओळखा

सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी कान लावा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि नॅनोत एक छोटा टेस्ट प्रोग्रॅम टाकून दिवे ठरावीक उजेडावर स्थिर करा: आधी पूर्ण, मग अर्धे, मग अगदी मंद, शेवटी बंद.

डब्ल्यूएस२८१२ जातीचा एलईडी मंद होतो म्हणजे त्याचा करंट कमी होत नाही. तो भराभर चालू-बंद होतो आणि बंद राहण्याचा वेळ वाढतो. जुन्या चिपमध्ये ही उघडझाप सेकंदाला साधारण ४०० वेळा होते, नव्या चिपमध्ये २००० च्या आसपास. दोन्ही आकडे कानाच्या पट्ट्यात बसतात. माझ्या रिंगची शिट्टी मी गिटारवरच जुळवून पाहिली. पहिल्या तारेच्या चौथ्या आणि पाचव्या फ्रेटच्या मधोमध बसली, म्हणजे ४१५ आणि ४४० हर्ट्झच्या दरम्यान. असं जुळलं की संशयाला जागा उरत नाही, शिट्टी एलईडीच्या उघडझापीचीच.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. दिवे पूर्ण उजळलेले असताना उघडझाप जवळजवळ नसतेच, आणि विझलेले असताना करंटच नसतो. त्रास फक्त मधल्या उजेडात. आणि दिवे मधल्या उजेडात येतात तेव्हा तुमचा सूर विरत असतो, त्यामुळे शिट्टी झाकायला वर काही शिल्लक नसतं. टेबलावर जोरजोरात वाजवून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं आणि संथ गाण्यात उघडं पडतं, ते यामुळे.

शिट्टीऐवजी दुसरं काही ऐकू येत असेल तर दिशा बदला. जाड, खालच्या पट्टीतली घरघर आली आणि दिवे बंद केले तरी ती राहिली, तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची, घरच्या विजेच्या लाइनची (मेन्सची) आहे. दिव्यांचा तिच्याशी संबंध नाही. पायाने स्विच दाबताना एकच ‘टप्प’ येत असेल तर इनपुट आणि आउटपुटला प्रत्येकी १ मेगाओमचा रेझिस्टर ग्राउंडकडे (सर्किटच्या मायनसकडे) जोडा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. कर्कश, सतत, खूप उंच शिट्टी असेल आणि सर्किटमध्ये ७६६० जातीचा चार्ज पंप (व्होल्टेज वाढवणारी किंवा उलटवणारी चिप) असेल तर तो त्याचा १० किलोहर्ट्झचा आवाज. त्या जागी २५ किलोहर्ट्झवर चालणारा एलटी१०५४ बसवा.

पहिली वेळ: प्लसकडे पाहिलं, मायनस विसरलो

पहिल्यांदा शिट्टी आली तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात. ऑडिओ सर्किटच्या ९ व्होल्टला फिल्टर लावला: मालिकेत १०० ओम आणि पुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड. हा फिल्टर १६ हर्ट्झपासूनच गाळायला लागतो, ४०० हर्ट्झवर तर वीस-पंचवीस पट गाळतो. आवाज खूप कमी झाला. भावाला पेडल दिलं. आठवड्यात फोन आला: ‘दादा, ती शिट्टी परत येई ऱ्हायनी.’ त्याने गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवला होता.

फिल्टर चुकीचा नव्हता. तो लावायलाच हवा, कारण ऑप-अँपचे साडेचार व्होल्ट याच ९ व्होल्टला दोन रेझिस्टरांनी अर्धं करून मिळतात आणि तिथे आलेली घाण थेट सिग्नलमध्ये उतरते. पण करंट प्लसने जातो तितकाच मायनसने परत येतो. आणि परतीची वायर माझ्या पेटीत दिव्यांची आणि ऑडिओची एकच होती.

हिशोब करून पाहा. एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, मंद असतानाही पेटलेल्या क्षणी तेवढेच. आठ मिळून अर्ध्या अँपिअरच्या जवळ. मॉड्यूलमुळे ९ व्होल्टच्या बाजूला ते साधारण ०.३ अँपिअर होतात. डीसी जॅकपासून सर्किटपर्यंत २० सेंटिमीटर बारीक वायर असेल तर तिचा रेझिस्टन्स ०.०३ ओमच्या घरात. म्हणजे त्या ‘ग्राउंड’ वायरच्या दोन टोकांत सुमारे ९ मिलिव्होल्टचा फरक, तोही ४०० वेळा उठणारा-बसणारा. सिंगल कॉइल पिकअपमधून येणारा सिग्नल १०० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, सूर विरताना त्याच्या कितीतरी खाली. वर ओव्हरड्राइव्ह शंभर पट वाढवतं. ९ मिलिव्होल्टचे ०.९ व्होल्ट होतात. मग शिट्टी न येईल तर काय.

साध्या मल्टिमीटरवर हे दिसत नाही. स्वस्त मीटरची एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, तिथे मिलिव्होल्ट कुठून दिसणार. म्हणून गिटारच्या अँपलाच (ॲम्प्लिफायरलाच) मीटर करा. जुनी गिटार केबल घ्या, एक टोक अँपमध्ये. दुसऱ्या टोकाची जाळी एका क्लिपने पेडलच्या आउटपुट जॅकच्या ग्राउंडला पकडा. आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर करा आणि त्याचा मोकळा पाय हा तुमचा प्रोब. अँपचा आवाज आधी अगदी कमी ठेवा.

आता हा पाय सिग्नलवर नका लावू, ग्राउंडवर लावा. ऑडिओ बोर्डचं ग्राउंड: शांत. डीसी जॅकचा मायनस: हलकी कुरकुर. नॅनोच्या जीएनडी (ग्राउंड) पिनवर टेकवला आणि अँपमधून तीच शिट्टी स्वच्छ, मोठ्याने आली. मीटरची जोड तपासायची बीप सगळीकडे वाजत होती, वायर तुटलेली नव्हती, सोल्डर चकचकीत होता. तरी ज्याला मी ग्राउंड समजत होतो ते वेगवेगळ्या जागी वेगवेगळं होतं. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करावा असं मला मनापासून वाटतं. शंभर आकृत्या पाहून जे कळत नाही ते पाच मिनिटांत कानाला कळतं.

उपाय: डीसी जॅकच्या मायनस पिनवरच दोन वेगळ्या वायरी सोल्डर करा. एक फक्त ऑडिओ बोर्डला, दुसरी फक्त ५ व्होल्टच्या मॉड्यूलला. दिव्यांची आणि नॅनोची ग्राउंड मॉड्यूलवर जाऊन थांबली पाहिजे. इनपुट-आउटपुट जॅकची ग्राउंड ऑडिओ बोर्डवर. दोन बोर्डांच्या मध्ये ‘आणखी चांगलं होईल’ म्हणून तिसरी ग्राउंड वायर टाकू नका. तिनेच दिव्यांचा करंट पुन्हा ऑडिओच्या अंगणात येतो. दिव्यांची वायर जाड घ्या.

दुसरी वेळ: झाकण लावलं आणि परत आली

वायरिंग बदललं. पेटी उघडी असताना रिकाम्या खोलीसारखी शांतता. चार स्क्रू आवळले आणि शिट्टी हजर. उघडलं, गेली. लावलं, आली.

असं झालं की लोक म्हणतात, वायर दाबली जाते. कधी कधी तसंही असतं. पण माझ्याकडे रिंग झाकणाला आतून चिकटवली होती आणि तिच्या पाठीमागचा सोल्डरचा एक टोकदार थेंब ॲल्युमिनियमला टेकत होता. थेंब ग्राउंडचा होता, म्हणून काही जळलं नाही, फ्यूज उडाला नाही. पण पेटी जॅकच्या नटमधून ऑडिओच्या ग्राउंडला जोडलेली असते. म्हणजे दिव्यांच्या करंटला परतीचा दुसरा रस्ता मिळाला: थेंब, झाकण, पेटी, जॅक, ऑडिओ बोर्ड.

तपासायची पद्धत सोपी आहे. आउटपुट जॅकमधून पेटीला मिळणारं ग्राउंड तात्पुरतं काढा, म्हणजे दोन्ही जॅक पेटीबाहेर लटकवा. मग मीटर पेटी आणि नॅनोच्या जीएनडीमध्ये लावा. बीप वाजली तर कुठेतरी टेकतंय. नॅनोच्या यूएसबी सॉकेटची पत्र्याची कड, मॉड्यूलचे स्क्रूचे भोक, रिंगची पाठ, या तीन जागा आधी पाहा. मी रिंगखाली जाड प्लॅस्टिक फाइलचा कापलेला तुकडा घातला आणि मॉड्यूल नायलॉनच्या स्पेसरवर बसवलं.

इथेच एक महत्त्वाचं. गिटार पेडलच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन मायनस आणि बाहेरची बाजू प्लस असते. म्हणून डीसी जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचाच घ्या. धातूचा घेतला तर प्लस थेट पेटीवर येतो आणि गिटारची केबल लावताच शॉर्ट. हा जॅक जळगावला न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, पण आहे त्या धातूच्या जॅकवर काम भागवू नका.

आणि चिकटवण्याबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि सामान टेम्पोत उन्हात तासन् तास पडून असतं. काळी पेटी हात लावू देत नाही इतकी तापते. हॉट ग्लू त्या तापमानाला मऊ पडतो आणि रिंग सरकते. स्क्रू किंवा दोन घटकांचं इपॉक्सी वापरा. पाच व्होल्टसाठी मॉड्यूलऐवजी ७८०५ हा साधा रेग्युलेटर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: अर्ध्या अँपिअरला तो एकटा दोन वॅट उष्णता बंद पेटीत सोडतो.

तिसरी वेळ: कानबाईची रात्र

घरी स्वतंत्र अडॅप्टरवर सगळं तपासलं होतं. उघडी पेटी, बंद पेटी, गेन पूर्ण. शांत. कानबाईच्या जागरणाला मी स्वतः सोबत गेलो. पहिली दोन गाणी जोरात होती. तिसरं संथ. बाया टाळ्या धरून बसल्या होत्या, भावाने एकच सूर लांबवला आणि दिवे मंदावताना ती शिट्टी सगळ्या अंगणाने ऐकली. मला ते फार लागलं.

घरी आणि तिथे फरक एवढाच होता की त्याच्याकडे चार पेडल एकाच अडॅप्टरवर होते, माळेसारख्या एका केबलने जोडलेले. आता परतीचा रस्ता पाहा. दिव्यांच्या करंटला अडॅप्टरकडे जायला एक वाट माळेच्या मायनसची आणि दुसरी पेडलांना जोडणाऱ्या छोट्या गिटार केबलच्या जाळीची, शेजारच्या पेडलमधून पुढे. करंट दोन्ही वाटांनी वाटला जातो. पेटीच्या आत मी जे वेगळं केलं होतं ते बाहेर पुन्हा एक झालं.

म्हणजे तीन वेळा तीच गोष्ट: आधी वायरमध्ये, मग पेटीच्या पत्र्यात, मग केबलच्या जाळीत. दिव्यांचा करंट ऑडिओच्या ग्राउंडवरून घरी जात होता.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे लाइटवालं पेडल माळेतून काढून त्याला स्वतःचा अडॅप्टर देणं, किंवा ज्याचे आउटपुट एकमेकांपासून खरोखर अलग आहेत असा पॉवर सप्लाय घेणं. पॉवर सप्लायवर आठ जॅक दिसले म्हणून ते अलग असतात असं नाही. मीटरने दोन आउटपुटांच्या मायनसमध्ये बीप वाजते का पाहा. वाजली तर ती माळच आहे. प्रत्येक आउटपुट किती मिलिअँपिअर देतो तेही वाचा. १०० चा असेल तर या पेडलला पुरत नाही. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा तर विचारच सोडा.

कार्यक्रमाच्या जागी जनरेटर असतो, मंडपवाल्याच्या एक्स्टेंशनमध्ये अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि घरघर आली की कुणीतरी अँपच्या प्लगची तिसरी पिन काढायला सुचवतं. ते कधीही करू नका. ती पिन वाजवणाऱ्याचा जीव वाचवते; हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना तिची गरज सर्वांत जास्त.

करंटच कमी उसळेल असं करा

रस्ता वेगळा केल्यावर उरतं ते थोडंसं. तेही जायला हवं असेल तर उगमापाशी काम करा.

मॉड्यूलचे ५ व्होल्ट आणि रिंग यांच्या मध्ये २.२ ओम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घाला आणि रिंगच्या पिनांजवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. उसळी कपॅसिटर भागवतो, मागे जातो तो बराच गुळगुळीत करंट. पण यासाठी एकूण करंट आवरावा लागेल, नाहीतर रेझिस्टरवरच एक व्होल्ट पडतो. नॅनोवर दिवे चालवणाऱ्या फास्टएलईडी लायब्ररीत (तयार कोडमध्ये) करंटची कमाल मर्यादा घालायची सोय आहे. मी १५० मिलिअँपिअर ठेवली. स्टेजवरच्या अंधारात तेवढा उजेड भरपूर होतो. नॅनोपासून रिंगकडे जाणाऱ्या डेटाच्या वायरीत ३०० ते ५०० ओमचा रेझिस्टर टाका आणि ती वायर इनपुट जॅकपासून लांब न्या.

नव्याने बनवत असाल तर एपीए१०२ एलईडी पाहा. त्यांची उघडझाप २० किलोहर्ट्झच्या आसपास असते, कानाच्या पलीकडे. मात्र बाजारात त्या नावाखाली एसके९८२२ मिळतात आणि त्यांची ४.७ किलोहर्ट्झची उघडझाप ऐकू येते. एक नग आधी मागवून वरच्या प्रोबने ऐकून मगच बाकीचे घ्या. मायक्रोकंट्रोलर नकोच असेल तर आवाजाप्रमाणे दिवे लावणारी एलएम३९१५ चिप चांगली आहे: दहा दिवे, प्रत्येक पायरी ३ डेसिबलची. ती बारवर न चालवता डॉटवर चालवा. एका वेळी एकच दिवा लागतो, त्यामुळे करंट जवळपास सारखा राहतो.

तरीही काही उरलं तर

दिवे पूर्ण काढून ठेवले तरी सूर विरताना खरखर येत असेल, तर दोष आवाजाचा जोर मोजून नॅनोला कळवणाऱ्या भागात आहे. डायोड थेट सिग्नलला लावला तर प्रत्येक लाटेचं टोक तो ओरबाडतो. सिग्नलला आधी टीएल०७२च्या एका मोकळ्या अर्ध्याने बफर करा. पुढे १ मायक्रोफॅरड, तिथून १०० के (किलोओम) ग्राउंडला, मग १एन४१४८ डायोड, मग १ मायक्रोफॅरड आणि १०० के एकमेकांना समांतर. एक दशांश सेकंदात दिवा सुराबरोबर खाली येतो, डोळ्याला तो वेग छान वाटतो. तिथून १० केमधून नॅनोच्या पिनला. या मोजणीच्या भागाची ग्राउंड ऑडिओच्या बाजूची.

आणि गिटार हातात घेऊन अंग फिरवल्यावर शिट्टी कमी-जास्त होत असेल तर ती वायरीतून येत नाही, हवेतून सिंगल कॉइल पिकअप पकडतंय. पेडलपासून दोन पावलं मागे जा, थांबेल. रिंगच्या प्लस-मायनसच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, पेटीचा पत्रा चारही बाजूंनी नीट बसू द्या.

भावाला पेडल परत देण्याआधी मी आता एकच चाचणी करतो. झाकण लावलेलं, चारही पेडल जोडलेले, गेन पूर्ण, अँप कार्यक्रमाला असतो तेवढ्या आवाजावर. खालची ई तार एकदा वाजवायची आणि हात बाजूला घ्यायचा. शेवटचा दिवा विझेपर्यंत ऐकत बसायचं.